चुकलेला निर्णय आणि न्याय

रग्बीच्या खेळात चेंडू हाताने पुढे देता येत नाही. सोबत्याकडे द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. दि. ६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिफ येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सच्या एका खेळाडूने तो पुढे दिला, आणि इंग्लंडचे पंच वेन बार्न्स यांच्या नजरेतून ते निसटले. त्याच चढाईतून मिळालेल्या गुणांवर फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असे हरविले. अवघ्या २८ वर्षांच्या त्या पंचावर एका देशाचा रोष कोसळला. जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या.

निर्णय चुकला, यात वाद नाही. बार्न्स यांनी पुढे ते जाहीरपणे मान्य केले. परंतु चुकलेला निर्णय म्हणजे अन्याय काय?

निवाड्यासाठी तीन गोष्टी हव्यात, असे संत थॉमस अक्विनास सांगतात: न्यायाची ओढ, निवाडा करण्याचा अधिकार आणि विवेक. पहिली नसेल तर निवाडा अन्यायी ठरतो, अधिकार नसेल तर तो बळकावलेला ठरतो आणि विवेक नसेल तर उतावळा ठरतो. या कसोटीवर कार्डिफचा निर्णय घासून पाहू. अधिकार खेळाच्या नियमांनीच दिलेला होता. पक्षपाताचा पुरावा नव्हता. आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्याची केवळ संशयावरून शिक्षा देणे हाच अविवेक झाला असता. म्हणजे चूक डोळ्यांची होती, न्यायबुद्धीची नव्हे.

मग हरलेल्यांनी प्रश्नच विचारू नये काय? तसे मुळीच नाही. पंचाचा शब्द सामन्यापुरता अंतिम असतो. तेवढ्याने तो सत्य ठरत नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियाने स्कॉटलंडला ३५-३४ असे हरविले, तेव्हा अखेरच्या क्षणी पंचांनी दिलेली पेनल्टी चुकीची होती, असे खेळाच्या जागतिक संघटनेने दुसऱ्याच दिवशी सांगितले. निकाल बदलला नाही, पण सत्यही झाकले गेले नाही. रग्बीचा पंच अंगावर ध्वनिक्षेपक लावून निर्णयाची कारणे बोलून दाखवतो आणि घरी बसलेला प्रेक्षकही ती ऐकतो. कारण सांगितल्याने अधिकार उणा होत नाही. उलट नुसत्या हुकमाला त्यामुळेच निवाड्याची प्रतिष्ठा लाभते.

मात्र जाब विचारणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. प्रश्नाला उत्तर हवे असते. धमकीला फक्त बळी हवा असतो. २०२३ च्या अंतिम सामन्याचे पंच म्हणून त्याच बार्न्स यांची निवड झाली. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडवर १२-११ अशी मात केली. त्यानंतर चित्रफीत पाहून साहाय्य करणारे पंच टॉम फोली यांना इतक्या शिव्याशापांना तोंड द्यावे लागले, की त्यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून माघार घेतली. ज्यांना न्याय हवा होता, त्यांनी न्याय करणाऱ्यालाच मैदानाबाहेर घालविले!

घरात, शाळेत, गावच्या सभेत आपल्यालाही कधी निवाडा द्यावा लागतो, कधी सोसावा लागतो. देणाऱ्याने कारण सांगावे आणि चूक उघड झाल्यास ती नाकारू नये. सोसणाऱ्याने कारण अवश्य विचारावे; परंतु ‘अन्याय’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी, समोरच्याची नजर चुकली की नियत, एवढे तरी तपासून पाहावे.