शेजारी कोणास म्हणावे?

शेजारधर्म हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. परंतु त्या धर्माची मर्यादा कोठवर, हा प्रश्न आज गोव्याच्या वाड्यावाड्यांतून नव्याने उभा राहिला आहे. ज्या घरांची कुळे आपण तीन पिढ्या जाणतो, त्यांच्या सुखदुःखास आपण धावून जातो. मात्र जवळच्याच भाड्याच्या खोलीत दोन वर्षे राहणाऱ्या कुटुंबाचे नावही आपणांस ठाऊक नसते. त्यांच्यासाठी आपणांजवळ एकच शब्द असतो : ‘भायले’.

हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण आपलाच इतिहास आठवावा, असे आम्हांस वाटते. इ. स. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे, श्रीमंगेशाचे दैवत भक्तांनी जुवारी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळास नेले. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. तो त्यांच्या हाती गेला १७६३ साली. देव घेऊन आलेले ते भक्त अंत्रुजात त्या दिवशी परकेच होते. तेथे त्यांना जागा व पाणी मिळाले, म्हणूनच आज आपण त्या देवळांच्या पायऱ्या चढतो.

कोणी म्हणेल, ते आपलेच लोक होते. आजचा येणारा पोटासाठी येतो, आज आहे, उद्या नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. गावाच्या जमिनीवर व पाण्यावर ताण पडतो हे खरे. परंतु त्याचा विचार ग्रामसभेत व कायद्याने व्हावा. धोरणाचा राग मजुराच्या मुलावर काढणे न्याय्य नव्हे.

दुसरे कोणी जुन्या शेजाराचे गोडवे गातात. त्यात जिव्हाळा होता, यात शंका नाही. पण तो सर्वांसाठी नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. एकमेकांस जिवापाड जपणारी माणसेच दुसऱ्यास पाणवठ्यावर येऊ देत नव्हती, हे विसरता येत नाही.

तेव्हा शेजारी ओळखण्याची कसोटी कूळ किंवा वास्तव्याची वर्षे ही नसून सान्निध्य ही होय. अपरात्री दुखणे उद्भवले, तर परगावचा भाऊ येईपर्यंत भिंतीपलीकडचा माणूसच उपयोगी पडतो. त्याला हाक मारण्याचा अधिकार हवा असेल, तर त्याच्या हाकेला ओ देण्याचे ऋण आपण आधी मान्य केले पाहिजे.

हे ऋण फेडण्यास मोठी योजना लागत नाही. चवथीला माटोळी बांधताना त्या खोलीतील मुलालाही बोलवावे, नेवऱ्यांचे ताट त्या दारीही जावे. मुले परदेशी असलेल्या वृद्धाची पावसाळ्यात कोणीतरी रोज चौकशी करावी. आणि उत्सवाची वर्गणी मागण्यापूर्वी देणाऱ्याचे नाव व गाव आपुलकीने विचारावे. सभासद बंधुभगिनींनी याचा घरोघरी विचार करावा, एवढीच आमची विनंती.