बॅकला कोण राहणार?

जबलपूरच्या विजय नगरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्लॉट अजून रिकामा आहे. संध्याकाळी तिथे पोरं फुटबॉल खेळतात. चपलांचे दोन जोड ठेवले की गोल तयार. संघ पाडताना भांडण होतं ते एकाच मुद्द्यावर, बॅकला कोण राहणार. घरी मराठी बोलणारी पोरंही मैदानात जबलपुरी हिंदीच बोलतात. "तू पीछे रह" असं ज्याला सांगितलं जातं तो सगळ्यांत लहान असतो, किंवा जाड असतो, किंवा काल नव्यानं राहायला आलेला असतो. ज्याचा बॉल आहे त्याला मागे ठेवलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

पोरांना हे कुणी शिकवलं? मोठ्यांनीच. पुरुष फुटबॉलमधला सगळ्यांत मानाचा 'बालों द'ऑर' हा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो. एवढ्या वर्षांत बचावपटूंच्या वाट्याला तो चारदा आला, आणि त्यातही दोनदा एकट्या बेकेनबाउअरला. मग १९९६ मध्ये झामर, २००६ मध्ये कानावारो.

या विषयावर लिहायचं ठरवलं तेव्हा जवळचं उदाहरण म्हणून राहुल भेके डोळ्यांसमोर आला. जन्म मुंबईतला, ६ डिसेंबर १९९०. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बंगळुरू, मुंबई सिटी आणि २०२४ मध्ये पुन्हा बंगळुरू, असा त्याचा प्रवास. कधी राइट बॅक, कधी सेंटर बॅक. भारताच्या वरिष्ठ संघातून पहिला सामना खेळला तो जून २०१९ मध्ये, थायलंडच्या किंग्ज कपमध्ये कुरासाओविरुद्ध. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. या वयात काही आघाडीचे खेळाडू आपली उतरण मोजायला लागलेले असतात.

पण भेकेचं नाव निघालं की लोकांना काय आठवतं? १७ मार्च २०१९. अंधेरीच्या मैदानात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, बंगळुरू विरुद्ध गोवा. बरोबर एक वर्षापूर्वी, १७ मार्चलाच, बंगळुरूनं घरच्या मैदानात चेन्नईयिनकडून २-३ असा अंतिम सामना गमावला होता. या वेळी नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पेनल्टी शूटआउट अगदी तोंडावर आलं असताना दिमास देलगादोनं कॉर्नर मारला, भेके उडाला, चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून जाळ्यात गेला. मुंबईच्या मुलानं मुंबईत बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं. मी तो सामना इथे, विजय नगरात, टीव्हीवर पाहिला होता, आणि शेजारचे दार वाजवून विचारायला आले होते की काय झालं.

त्यानंतर ११ एप्रिल २०२२. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीनं रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ नं हरवलं. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. विजयी गोल भेकेचा, पुन्हा कॉर्नरवर, पुन्हा डोक्यानं. गंमत अशी की या खेपेला जाहू त्याच्याच संघात होता. २०१८ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात आपल्या जुन्या क्लबवर, ईस्ट बंगालवर, गोल. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाविरुद्ध बरोबरी साधून देणारा गोल. मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध पहिला गोल, ज्या सामन्यात सगळ्या देशाचं लक्ष निवृत्तीतून परतलेल्या छेत्रीकडे होतं.

इथवर आलो आणि लक्षात आलं की मी बचावपटूचं चरित्र लिहायला बसलो होतो आणि कागदावर उतरली गोलांची यादी. जे त्याचं काम नव्हे, त्याचाच हा सगळा हिशेब.

२०१९ चाच सामना उलट्या बाजूनं पाहा. गोव्याकडे फेरान कोरोमिनास होता. त्या मोसमात १६ गोल करून स्पर्धेत पहिला आलेला. त्या रात्री एकशेवीस मिनिटांत गोव्याला एकही गोल करता आला नाही. सामना १-० नं सुटला. त्यातला १ सगळ्यांना पाठ आहे. मी सामना पूर्ण पाहिलाय, तरी तो ० कसा राखला गेला, कोण कुठे उभा होता, कोरोमिनासकडे येणारा कुठला पास निघण्याआधीच बंद झाला, यातलं मला काहीही सांगता येणार नाही.

ही सवय जुनी आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यात जर्नेल सिंगची गोष्ट हमखास सांगितली जाते. डोक्याला टाके पडले होते, म्हणून त्याला बचावातून काढून पुढे खेळवलं आणि त्यानं अंतिम सामन्यात गोल केला. आशियातला नावाजलेला स्टॉपर दंतकथेत शिरला तो स्ट्रायकर होऊन. आमचं जबलपूर तर हॉकीचं गाव, रूपसिंगची जन्मभूमी. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला, त्यात त्याचे दहा गोल होते, हे इथला चहावालाही सांगेल. त्या संघातले फुलबॅक टॅपसेल आणि हॅमंड कोण, हे विचारून पाहा.

यावर लोक म्हणतात, बचावपटू म्हणजे पायाचा दगड, पडद्यामागचा कलाकार, त्यागी वगैरे. मला ही भाषा पटत नाही. भेके काही त्याग करायला मैदानात उतरत नाही. तो व्यावसायिक खेळाडू आहे, मे २०२४ मध्ये मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्यानं कोलकात्यात मोहन बागानला हरवून करंडक उचललाय. आपलं कौतुक कमी पडतंय असं नव्हे, आपली नजर अपुरी पडतेय. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि बचावपटूचं निम्मं काम चेंडू दुसरीकडे असताना चालतं. डावीकडून हल्ला येत असताना उजवीकडचा बॅक चार पावलं आत सरकतो, हातानं जोडीदाराला रेषा वर घ्यायला सांगतो, खांद्यावरून मागे पाहून आपला माणूस कुठे आहे ते तपासतो. टीव्हीवर या वेळी तो चौकटीबाहेर असतो. आकडेवाल्यांनी अलीकडे टॅकल, क्लिअरन्स मोजायला सुरुवात केलीय, पण अंग झोकून घेतलेला टॅकल बहुधा तेव्हा लागतो जेव्हा आधीची चार पावलं चुकलेली असतात. जो वेळेवर पोचला त्याच्या नावापुढे काहीच पडत नाही. आणि आमच्यासारख्या शहरात मोठं फुटबॉल पाहायचं ते टीव्हीवरच. म्हणजे इतकी वर्षं सामने पाहूनही मी बचावपटू खऱ्या अर्थानं पाहिलेलाच नाही, असंच म्हणावं लागेल.

बाजाराला तरी तो दिसतो का? २००९ मध्ये बार्सिलोनानं युक्रेनचा दिमित्रो चिग्रिन्स्की शाख्तार दोनेत्स्ककडून अडीच कोटी युरोंना घेतला. पुढच्याच उन्हाळ्यात त्याच क्लबला दीड कोटींना परत दिला. माणूस तोच, पण जेमतेम वर्षभरात एक कोटी युरो कमी झाले. आघाडीचा खेळाडू असता तर निदान गोल मोजून वाद घालता आला असता.

युक्रेनचा उल्लेख आला म्हणून शब्दांचंही बोलतो. आपण 'बचावपटू' म्हणतो. मराठीत 'बचाव' म्हटलं की आरोपीचा वकील आठवतो, आणि एखाद्या पुढाऱ्यानं बचावात्मक पवित्रा घेतला असं छापून आलं की तो कुठेतरी अडकलाय हे वाचक ओळखतो. युक्रेनी भाषेत फुटबॉलच्या बॅकला 'झाखिस्निक' म्हणतात, आणि देशासाठी लढणाऱ्या सैनिकालाही हाच शब्द आहे. आता मिकोला मात्वियेन्को घ्या. शाख्तारचा सेंटर बॅक, १९९६ मध्ये क्रिमियातल्या साकी गावात जन्मलेला. २०१४ मध्ये क्रिमिया रशियानं बळकावला. त्याच वर्षी दोनेत्स्कमध्ये युद्ध पेटलं आणि शाख्तारनं आपलं शहर आणि पाच वर्षांपूर्वी बांधलेलं डोनबास अरीना सोडलं. मात्वियेन्को पहिल्या संघात आला तो त्यानंतर. म्हणजे ज्या दोनेत्स्कचं नाव छातीवर घेऊन तो खेळतो, तिथल्या मैदानात पहिल्या संघाकडून त्याला एकदाही उतरता आलेलं नाही. 'घरचे' सामने लव्हिवमध्ये, खार्किवमध्ये, कीव्हमध्ये. २०२३ मध्ये तर चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने जर्मनीत, हॅम्बुर्गला. तिथे ७ नोव्हेंबरला शाख्तारनं बार्सिलोनाला १-० नं हरवलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते गोल करणाऱ्या दानिलो सिकानचं नाव. बार्सिलोनाच्या खात्यावरचा शून्य इथेही बिननावाचाच राहिला.

परवा संध्याकाळी मी प्लॉटच्या कडेला मुद्दाम उभा राहिलो. बॉलकडे बघायचं नाही, फक्त बॅकच्या पोराकडे बघायचं, असं ठरवून. सोपं नव्हतं, मान आपोआप वळत होती. पोरगा आठ-नऊ वर्षांचा, मोठ्या भावाची टी-शर्ट गुडघ्यापर्यंत आलेली. बॉल पलीकडे होता. गोलकी चपला सरळ करत बसला होता. एवढ्यात समोरून एक लंबू पळत निघाला, बॉल अजून त्याच्याकडे आलेलाही नव्हता. हा पोरगा कुणी न सांगता दोन पावलं उजवीकडे सरकला आणि त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला. बॉलवाल्यानं मान वर करून पाहिलं, पास द्यायचा विचार सोडला आणि बॉल दुसऱ्या बाजूला मारला. सगळे तिकडे ओरडत धावले. पोरानं टी-शर्टला नाक पुसलं आणि परत आपल्या जागी आला.