अष्टावक्राचा पिता

स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळून स्वतःभोवती पिळला जाण्याची अवस्था, किशोरवयात बहुधा निश्चित कारण न सापडताच उद्भवते. आणि वक्रता साधारण 45 ते 50 अंशांपलीकडे गेली, की धातूच्या सळ्या व स्क्रू बसवून मणके सांधण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते. कारणाची ही रिकामी जागा कर्मविपाक, म्हणजे पूर्वकर्माचे फळ भोगावेच लागते हा सिद्धान्त, फार घाईने भरून काढतो, आणि त्याचा भार मुलापेक्षा आईबापांवर अधिक पडतो. महाभारताच्या वनपर्वातील कथा तर दोष थेट पित्यालाच देते: गर्भातून पठणातील चूक दाखवणाऱ्या मुलाला कहोड शाप देतो आणि अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा जन्मतो. मात्र पुढे तोच मुलगा पित्याला सोडवून आणतो व पित्याच्या सांगण्यावरून समंगा नदीत उतरताच त्याचे अवयव सरळ होतात, हे सांत्वनाला येणाऱ्यांना सहसा आठवत नाही.

परळच्या रुग्णालयात मूल दाखल असताना आईने प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला नवस बोलणे समजण्याजोगे आहे. पण जुना नवस फेडायचा राहिला म्हणून हे घडले, असे आप्ताने सुचवणे, स्वर कितीही मृदू असला तरी, क्रूरपणाच होय. नवसांवर कीर्तनांतून कोरडे ओढणाऱ्या गाडगे महाराजांनी धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा परगावच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आजही आसरा देते. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. तेवढ्या वेळात बापाशेजारी बसणाऱ्याने कारणमीमांसा टाळून जेवणाचा डबा, रक्तदाते आणि घरच्या धाकट्या भावंडाची शाळा यांची काळजी वाहिली, तर त्यात धर्म कमी पडत नाही.