गीता २.४७ : ज्यांचा हंगाम संपला त्यांच्यासाठी



आजच्या वाचनात दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आलाय. हा सगळ्यांना येतो. गीता कधी न उघडलेल्यांनाही येतो. चहाच्या मगवर असतो, जिमच्या भिंतीवर असतो, आणि अप्रेझलच्या महिन्यात तर ऑफिसच्या ग्रुपवर दिवसाआड येतो. (पाठवणारा बहुतेक मॅनेजरच असतो, हा भाग वेगळा.) काम करण्याचा अधिकार तुझा, फळावर नाही. फळासाठी म्हणून काम करू नकोस आणि काम न करण्याचीही ओढ धरू नकोस. चार चरण, चार गोष्टी. आपण पहिल्या दोन घेतो आणि उरलेल्या तिथेच सोडतो.

मला मात्र हा श्लोक वाचला की मार्च महिना आणि आइस हॉकी आठवते. हसू नका, सांगते.

एमएससाठी मी इथाकाला होते. न्यूयॉर्क राज्यातलं, डोंगरावरचं, भरपूर बर्फाचं गाव. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाचं बर्फाचं मैदान म्हणजे लायना रिंक. १९५७ सालचं, जेमतेम चार हजार माणसं मावतील एवढं. बसायला लाकडी बाकं. आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं टर्फ डोळ्यांपुढे येतं. ही हॉकी बर्फावरची. पायात स्केट्स आणि चेंडूऐवजी १७० ग्रॅमच्या आसपास वजनाची कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. ती ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने येते आणि खेळाडू तिच्या वाटेत मुद्दाम आडवे होतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळे मिटले होते. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मी अशी ओरडायला लागले की आईला फोनवर वाटलं मला सर्दी झालीये.

लायनाचे प्रेक्षक फार वाह्यात. पाहुण्या संघाची नावं पुकारायला लागली की सगळे विद्यार्थी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून वाचत बसतात, म्हणजे 'तुम्ही कोण ते आम्हाला ठाऊकच नाही.' हार्वर्डचा संघ आला की बर्फावर मासे फेकतात. खरे मासे! माझ्या शेजारच्या मुलाने एकदा जॅकेटमधून मासा काढला आणि नेमकी त्या दिवशी माझी एकादशी होती.

आता श्लोकाच्या दृष्टीने बघा. त्या बाकावर बसलेल्या चार हजार लोकांकडे कर्म काय आहे? काहीच नाही. आम्ही स्केट बांधत नाही, पहाटे बर्फावर उतरत नाही, पक अंगावर घेत नाही. आम्हाला हवं असतं फक्त फळ. गोल पाहिजे, विजय पाहिजे, कप पाहिजे. अर्जुनाला सांगितलेल्या गोष्टीच्या बरोब्बर उलटा माणूस कुठे बघायचा असेल, तर तो स्टेडियममध्ये बघावा. फॅन म्हणजे कर्म शून्य आणि फलाशा शंभर टक्के.

पण वर्षातून एक संध्याकाळ वेगळी असते. कॉलेजमध्ये खेळाडूला खेळायला चार वर्षं मिळतात. चौथ्या वर्षी घरच्या मैदानावरच्या शेवटच्या साखळी सामन्याला निरोप देतात, त्याला सीनियर नाइट म्हणतात. आईवडील आलेले असतात. बर्फावर साध्या बुटांनी चालताना त्या आया मुलाचा हात घट्ट धरतात. एकेकाचं नाव घेतलं जातं आणि सगळं मैदान उभं राहतं. या टाळ्यांमागे गोल झालेला नसतो, गुण वाढलेला नसतो. झालं त्याच्यासाठी वाजवलेल्या टाळ्या असतात त्या. वर्षभर फळावर डोळा ठेवून बसलेली चार हजार माणसं तेवढी पाच-दहा मिनिटं फळ विसरतात.

आयव्ही लीगमधली ही विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. म्हणजे ही मुलं केमिस्ट्रीचे जर्नल, अर्थशास्त्राचे पेपर सांभाळून खेळतात आणि त्यातली बरीचशी पुढे व्यवसाय म्हणून खेळत नाहीत. बँकेत जातात, वैद्यकीय शिक्षणाला जातात, वडिलांचं दुकान बघतात. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, किंवा आधी ज्युनियर लीगमध्ये एक-दोन वर्षं घालवून आलेले चोविसाव्या वर्षी, त्या खेळातून उठतात. ज्या गोष्टीसाठी पाच वर्षांचे असल्यापासून पहाटे उठले, ती गोष्ट संपते.

मला सगळ्यात जास्त ओढ कोणाची, सांगू? तिसऱ्या गोलकीपरची. प्रत्येक संघात साधारण तीन गोली असतात. पहिला खेळतो. दुसरा कधीमधी. तिसरा चार वर्षं सराव करतो. रोज इतरांचे फटके अंगावर झेलतो, कारण त्यांना फटक्यांचा सराव हवा असतो. आणि सामन्यात बसायला मिळालंच तर खेळाडू आतबाहेर करताना बाकाचं छोटं दार उघडतो, लावतो. एवढंच. सीनियर नाइटला त्याचंही नाव पुकारतात. त्याच्या आईचेही डोळे तसेच भरलेले असतात.

जाणाऱ्याबद्दल फॅनच्या मनात कृतज्ञतेबरोबर भीतीही असते. हे गेले, आता आपलं काय? या भीतीवर लायनाच्या इतिहासात एक मोठी मजेची गोष्ट आहे. केन ड्रायडन नावाचा गोलकीपर तिथे खेळला. १९६७ मध्ये संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा गोलमध्ये तो होता. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत, म्हणून तो तीनच हंगाम खेळला. हिशेब असा : ७६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. त्या चारांतला शेवटचा पराभव म्हणजे १९६९ चा अंतिम सामना, डेन्व्हरकडून ३-४. जाता जाता हरून गेला. पुढे माँट्रियलकडून त्याने सहा स्टॅन्ली कप जिंकले, वकिली शिकला, पुस्तक लिहिलं, कॅनडाच्या संसदेत गेला, मंत्री झाला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ड्रायडन वारले.

असा माणूस गेल्यावर पुढच्या वर्षी काय व्हावं? १९६९-७० च्या हंगामात कॉर्नेल २९ सामने खेळलं आणि २९ जिंकलं. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही. लेक प्लॅसिडला अंतिम सामन्यात क्लार्कसनला ६-४ ने हरवलं. अमेरिकेच्या पुरुषांच्या कॉलेज हॉकीत त्या वरच्या गटात असा हंगाम आजवर दुसऱ्या कुणाचा झालेला नाही. आणि त्यानंतर लगेच प्रशिक्षक नेड हार्कनेसही डेट्रॉइटला निघून गेले.

यावरून 'बघा, कुणावाचून कुणाचं अडत नाही' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते वाक्य आवडत नाही. त्यात जाणाऱ्याचा अपमान आहे. ड्रायडनच्या सरावात ज्यांनी तीन वर्षं गोल करायचा प्रयत्न केला, त्यातलेच काही त्या २९ सामन्यांत होते. जगातल्या सगळ्यात अवघड गोलीवर रोज फटके मारून ते तयार झाले. त्याचं कर्म तिथेच राहिलं होतं, फक्त त्याचं फळ त्याच्या पदरात पडलं नाही. २०१० मध्ये त्याचा १ नंबर आणि ज्यो न्यूएनडाइकचा २५ नंबर विद्यापीठाने कायमचे राखून ठेवले. बाकी शेकडो मुलांचे नंबर पुढच्या मुलांच्या पाठीवर गेले.

आता २०२०. हे मला जरा सावकाश लिहावं लागतंय.

त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला कॉर्नेलचा पुरुषांचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता : २३ विजय, २ पराभव, ४ बरोबरी. महिलांचा संघही पहिल्या क्रमांकावर : २८, २, ३. एकाच विद्यापीठाचे दोन्ही संघ! गावात दुसरा विषय नव्हता. ५० वर्षांनी कप येणार, असं भाजीवालासुद्धा म्हणत होता. आणि १२ मार्चला राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या. कोविड. पुढे वसंत ऋतूत खेळणाऱ्या खेळाडूंना नियामक संस्थेने आणखी एक वर्ष दिलं. हिवाळी खेळांना ते मिळालं नाही, कारण त्यांचा हंगाम 'जवळजवळ झालेला' होता. ज्यांचं चौथं वर्ष होतं त्यांचं खेळणं त्या गुरुवारी संपलं. पुढचा २०२०-२१ चा हंगाम तर आयव्ही लीगने पूर्णच रद्द केला.

आमच्या मराठी मुलांच्या ग्रुपवर कुणीतरी हाच श्लोक टाकला. खाली हॉकीच्या काठीची इमोजी. हेतू चांगलाच होता. पण मला तो वाचून कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी माझ्या लॅब सेक्शनमधली एक मुलगी लॉकरची किल्ली परत द्यायला आली. महिला संघातली होती, शेवटच्या वर्षाची. मी काय बोलावं ते सुचत नव्हतं. तीच म्हणाली, "मंगळवारी आमची प्रॅक्टिस फार छान झाली होती." मग म्हणाली, "सगळे पास बरोबर जात होते." किल्ली ठेवली आणि गेली.

मंडळी, मला त्या दिवसापासून हा प्रश्न पडलाय. श्लोक तर खरा आहे. मग तो तिला ऐकवणं चूक का वाटलं?

एक कारण मला गीतेतच सापडतं. अर्जुनाने आधी विचारलंय. मी गोंधळलोय, तुझा शिष्य आहे, मला सांग, असं तो त्याच अध्यायात म्हणतो. आणि सांगणारा कुठे बसलाय? त्याच रथात, बाण येतील त्याच दिशेला तोंड करून. प्रेक्षकांच्या बाकावरून ओरडून सांगितलेला हा श्लोक नाही. माझं फळ गेलं तर मी तो स्वतःला म्हणावा. दुसऱ्याचं फळ गेल्यावर, न विचारता, त्याला तोच ऐकवणं म्हणजे त्याच्या जखमेवर आपलं शहाणपण ठेवणं.

दुसरी गोष्ट भागवतातली. दहावा स्कंध, आणि योगायोग बघा, अध्यायही ४७ वाच. कृष्ण मथुरेला गेलाय. गोपींचं सांत्वन करायला तो उद्धवाला पाठवतो. उद्धव म्हणजे विद्वान माणूस, निरोपात ज्ञान आहे : मी सगळ्यांच्या आत आहे, वियोग असा नाहीच. गोपी ऐकतात. पण त्यांचं रडणं, भुंग्याशी बोलणं, रागावणं बघता बघता उद्धवच बदलतो. तो काही महिने तिथेच राहतो. आणि शेवटी त्याची इच्छा काय, तर वृंदावनात एखादं झुडूप, वेल, गवताचं पातं व्हावं, म्हणजे यांच्या पायाची धूळ अंगावर पडेल. सांत्वन करायला आलेला माणूस शिकून परत गेला.

आपल्या गणपतीला निरोप देताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायची सोय आहे. गोपींना ती नव्हती. कुरुक्षेत्रावर सूर्यग्रहणाच्या वेळी भेट झाली, पण गोकुळातले दिवस परत आले नाहीत. चौथ्या वर्षाच्या खेळाडूला निरोप देणाऱ्यालाही ती सोय नाही. तरी लोक उभे राहतात, हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवतात.

हा मोह आहे का? बाराव्या अध्यायातला भक्त शोक करत नाही, असं मला एका ताईंनी कमेंटमध्ये लिहिलं होतं. खरंय. पण तोच भक्त सगळ्या भूतांचा मित्र आहे, करुणा असलेला आहे, हेही त्याच अध्यायात आणि आधी आलंय. क्रम तसाच ठेवायला हवा असं मला वाटतं. मैत्री आधी. शोक सुटायचा तेव्हा सुटेल.

राहिला चौथा चरण, काम न करण्याची ओढ धरू नकोस. हा अर्जुनापेक्षा आम्हा बाकावरच्यांना जास्त लागू आहे. खेळाडूने चार वर्षं दिली, आम्ही शेंगदाणे खाल्ले. आमच्या वाट्याला काम काय येतं? नवविधा भक्तीत श्रवण, कीर्तन, मग स्मरण येतं. स्मरणाला ना स्केट्स लागतात ना बर्फ. पण त्यालाही सराव लागतो, नाहीतर फक्त गोल करणारेच लक्षात राहतात. वारीत पालखीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पाण्याचा टँकर भरणाऱ्याचं कुणाला असतं का?

म्हणून दर मार्चमध्ये मी इथे ठाण्यात बसून संघाची यादी उघडते आणि चौथ्या वर्षाच्या मुलामुलींची नावं मोठ्याने वाचते. देवासमोरच वाचते, आजी म्हणते, "ही कुठली गं साहेबांची नामावली?" यंदा एका राखीव गोलीला पत्र लिहिलंय. चार ओळीच झाल्यात. तुझा खेळ मी बघितला नाही, पण ऑनलाइन सामन्यात तुला दार उघडताना बघितलंय, प्रत्येक वेळी अगदी वेळेवर उघडलंस, असं लिहिलंय. पाकिटावर पत्ता लायना रिंकचा घातला आहे. तिकीट किती रुपयांचं लागतं ते उद्या पोस्टात विचारते.

उद्याचा श्लोक २.४८. जय हरी.