तीस डोळ्यांचे घर

बेन एल्टन या इंग्रज लेखकाची ‘डेड फेमस’ ही २००१ सालची कादंबरी परवा वाचली. एका घरात दहा माणसे कोंडलेली, भोवती तीस कॅमेरे, आणि सर्वांच्या देखत खून! तरी खुनी कळत नाही. इंग्लंडात २००० साली सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’ या दूरचित्रवाणीवरील खेळाची ही थट्टा. खुनानंतर खेळ थांबत नाही. उलट प्रेक्षक वाढतात.

कसले हे लोक, असे मनात आले खरे. पण मेला कोण, हेच लेखक बराच वेळ सांगत नाही, आणि मी? ‘अहो, मारा की एकदाचा!’ म्हणत भराभर पाने उलटीत होतो. कागदावरच्या माणसाला दुखत नाही, कबूल. पण घाई तीच ना? शाळेत भांडणाभोवती कोंडाळे करणाऱ्या पोरांना मी रागे भरतो, ‘सोडवीत का नाही रे?’ आणि माझ्याच एका कादंबरीतली म्हातारी मी मारली, ती केवळ प्रकरण रंगेना म्हणून.

“खुनी कोण निघाला हो?” बायकोने विचारले. मी सांगितले नाही. फराळाचे तसेच टाकून ती आता पुस्तक घेऊन बसली आहे.