पाहुणे आणि घरचे

गेल्या माघात एका रविवारी आम्ही वीसेक मंडळी बेलापूरच्या किल्ल्यापासून खाडीकाठाने चालत निघालो. बुरुजापाशी मी इतिहास सांगितला: आधी पोर्तुगीज, मग मराठे, १८१७ साली इंग्रज. पुढे तिवरांत खंड्या दिसला, चिखलात तुतारी पळताना दिसली. आणि नेरूळच्या तळ्यावर रोहित. भरतीने खाडीतला चिखल बुडाला, की हे पक्षी विसाव्याला तळ्यात येतात. सारे गप्प झाले. मग कोणीतरी पक्षी मोजू लागले.

माझा एक जुना विद्यार्थी बरोबर होता, आगऱ्याच्या घरातला. तो हळूच म्हणाला, "सर, आमची खाचरंही अशीच मोजली होती म्हणे. आजोबा सांगायचे."

तो रागाने बोलला नव्हता. म्हणूनच ते वाक्य मनातून जाईना. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. बुरुजापाशी मी १८१७ पर्यंत आलो होतो. १९८४ पर्यंत आलो नव्हतो. मी राहतो ते घरही कोणाच्या तरी भातावर उभे आहे.

रोहितांवर आमचे प्रेम आहे, हे खोटे नाही. परंतु ते प्रेम सोपे आहे. पाहुणा पावसाच्या तोंडाशी निघून जातो. तो सातबारा मागत नाही. जो इथलाच आहे, त्याच्याकडे पाहिले की देणे निघते. म्हणून आपण दुर्बीण दूरवर लावतो.

कोणी म्हणेल, माणसाला तोंड आहे, कोर्ट आहे. मुक्या पक्ष्याचा कैवार नको का घ्यायला? अवश्य घ्यावा. पण रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या स्वतःचा नव्हे. तो त्याच्या अन्नातून, म्हणजे या पाण्यातून आणि चिखलातून येतो. त्याच चिखलात कोळ्याला निवट्या आणि चिंबोऱ्या मिळतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली अभयारण्य झाला, हे चांगलेच झाले. परंतु ज्याला पक्षी हवा त्याला चिखल हवा; आणि चिखल हवा असेल तर त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या माणसाची ओळख टाळता येणार नाही. कैवार दोन असले, तरी जमीन एकच आहे.

पाहणे ही निरुपद्रवी करमणूक आहे, असे मी समजत होतो. आता वाटते, ज्याने पाहिले तो साक्षीदार झाला; आणि साक्षीदाराने अर्धेच सांगणे हे खोटे बोलण्याहून फारसे वेगळे नाही.

येत्या माघात आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या वेळी बुरुजापाशी मी बोलणार नाही. तो बोलणार आहे.