न तपासलेल्यांचे ऋण

रोग लवकर कळला तर माणूस वाचतो, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्याचा पुरावा मागणे हेच निष्ठुरपणाचे वाटावे. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत ही समजूत विशेष दृढ आहे. ज्यांना कसलीही लक्षणे नाहीत अशा स्त्रियांची ठराविक काळाने तपासणी करावी, गाठ लहान असतानाच शोधावी, म्हणजे मृत्यू टळेल, असे सहज वाटते. परंतु सहज वाटणारी गोष्ट खरी असेलच असे नाही. आणि ती खरी आहे की नाही हे ठरविण्याचा मार्ग आपल्यापुढे एक अवघड नैतिक प्रश्न उभा करतो.

प्रथम हा पुरावा मिळविणे कठीण का, ते पाहू. चर्चगेटला जाणाऱ्या एकाच गाडीत एक प्रवासी विरारला चढला, दुसरा अंधेरीला. पहिल्याचा प्रवास अधिक वेळ चालला, पण दोघे उतरले एकाच वेळी. त्याचप्रमाणे निदान दोन वर्षे आधी झाले आणि मृत्यू मात्र यायचा तेव्हाच आला, तर ‘निदानानंतर अधिक काळ जगली’ अशी नोंद होते. त्या स्त्रीच्या पदरी मात्र आयुष्य नव्हे, चिंतेची दोन वर्षे अधिक पडतात. शिवाय ठराविक काळाने होणाऱ्या तपासणीत बहुधा सावकाश वाढणारे रोग सापडतात. झपाट्याने वाढणारे रोग दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच डोके वर काढतात. तपासणीला आपणहून येणारी स्त्री पुष्कळदा मुळातच प्रकृतीला जपणारी असते, हेही खरे. म्हणून तपासलेल्या आणि न तपासलेल्या रुग्णांची नुसती तुलना फसवी ठरते.

यावर उपाय एकच. समान परिस्थितीतील स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला तपासणी द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि पुढे कित्येक वर्षे दोन्ही गटांतील मृत्यू मोजायचे. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांचा असा पहिला मोठा अभ्यास सुरू झाला. मॅमोग्राफी आणि हाताने केलेली तपासणी मिळून मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसले. पण त्यात यंत्राचा वाटा किती आणि हाताचा किती, हे कळले नाही. जिथे सर्व स्त्रियांसाठी यंत्र परवडणारे नाही, त्या देशाला नेमके हेच कळणे आवश्यक होते.

हा प्रश्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हाती घेतला. १९९८ साली मुंबईतील झोपडवस्त्यांचे वीस विभाग निवडून त्यांची चिठ्ठ्यांनी वाटणी करण्यात आली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. दहा विभागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी केली. उरलेल्या दहा विभागांतील ७६,१७८ स्त्रियांना कर्करोगाची माहिती एकदा सांगण्यात आली. तपासणी झाली नाही. पुढे दोन्हीकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा होत राहिला.

त्या ७६,१७८ जणींवर अन्याय झाला काय? एका माणसाला दुसऱ्याच्या हिताचे केवळ साधन करू नये, हे तत्त्व आपण मानतो. तपासणीने प्राण वाचतात हे आधीच सिद्ध असते, तर ती रोखणे अक्षम्य ठरले असते. पण केवळ हाताने केलेल्या तपासणीविषयी तसे कुणालाच ठाऊक नव्हते. ती निरुपयोगी ठरली असती, तर भीती आणि अनावश्यक शस्त्रक्रिया तपासलेल्या गटाच्याच वाट्याला आल्या असत्या. अज्ञान जोवर प्रामाणिक आहे, तोवर चिठ्ठी टाकणे हा अन्याय नव्हे.

मात्र हे ‘प्रामाणिक’ विशेषण फार मोलाचे आहे. याच अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होती, आणि तिच्यावर पुढे कठोर टीका झाली. पॅप तपासणीचा गुण पाश्चात्त्य देशांत दिसून आलेला असताना अर्ध्या स्त्रियांना कोणतीच तपासणी न देणे योग्य कसे, असा तो आक्षेप होता. भारतात अशा तपासणीची सर्रास सोय मुळातच नव्हती, असे उत्तर देण्यात आले. वस्तुस्थिती म्हणून ते खरे होते. नैतिक समर्थन म्हणून ते अपुरे वाटते. ‘यांना एरवीही काही मिळत नव्हते’ असे म्हणणे म्हणजे गरिबाच्या वंचनेलाच त्याच्याविरुद्ध साक्षीला बोलाविणे होय.

स्तनाच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग पुढच्या अवस्थेत आढळण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत एकंदर १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगाचीही असू शकेल इतकी अनिश्चित होती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र ही घट जवळजवळ ३० टक्के होती. त्याखालच्या वयात ठळक लाभ दिसला नाही. वयाची ही विभागणी नंतर केलेली असल्याने ती जपूनच वाचली पाहिजे. तरी ‘सर्वांना लाभ’ या सुखद वाक्यापेक्षा हे अपुरे सत्य अधिक उपयोगी आहे.

सत्याची दुसरी बाजूही असते. २०१२ साली ब्रिटनमधील स्वतंत्र समितीने मॅमोग्राफीचा आढावा घेतला. पन्नाशीपासून वीस वर्षे १०,००० स्त्रियांना तपासणीला बोलाविले, तर ४३ मृत्यू टळतात. आणि १२९ स्त्रियांना असा कर्करोग असल्याचे सांगितले जाते, की जो एरवी त्यांना आयुष्यात कधी जाणवलाही नसता. वाचलेल्या ४३ जणी कोणत्या हे कळत नाही, आणि विनाकारण उपचार झालेल्या १२९ जणी कोणत्या हेही कळत नाही. म्हणून आपल्या सभागृहात तपासणी शिबिर भरविताना लाभाबरोबर ही हानीही सांगणे हे आयोजकांचे कर्तव्य आहे. सगळे समजून ‘हो’ म्हणणारीचा आणि ‘नको’ म्हणणारीचा, दोघींचाही निर्णय आदराला पात्र आहे. अर्थात ही चर्चा लक्षणे नसलेल्यांची आहे; जिच्या हाताला गाठ लागली, तिने एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे.

आपल्या हातात आज जे थोडे ज्ञान आहे, त्यात तपासलेल्यांइतकाच न तपासलेल्यांचाही वाटा आहे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे आभार मानून हे ऋण फिटणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, झोपडीत राहणाऱ्या स्त्रीपर्यंत ही तपासणी आणि तिच्या मागोमाग उपचार पोहोचतील, तेव्हाच ते फिटू लागेल.